घर उचलायचा दिवस

मी आर्किटेक्ट आहे असं कळलं की लग्नाकार्यात लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: संडास कोणत्या दिशेला असावा? पस्तीसेक वर्षं मी या प्रश्नाचं हसतमुखाने उत्तर दिलं आणि दोन वर्षांपूर्वी जे. पी. नगरातलं माझं दोन खोल्यांचं ऑफिस बंद केलं. या अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. बेंगळुरात घरं बांधण्यात सांगण्यासारखं काय असतं? तीस बाय चाळीसचा प्लॉट, त्यावर तीन मजले, खाली गाडी, वर पाण्याची टाकी. शिवाय आमची मराठी. आमचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगत. तेव्हापासून आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचे पाहुणे जेवताना आमच्याकडे नुसतं ऐकत बसतात. "स्वल्प भात घ्या" म्हटलं की हसतात, आणि भात घेतात.

गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची भेटली. हेब्बाळच्या एका गृहस्थांनी एकदा घर बघायला बोलावलं. त्यांच्या गच्चीतून समोर अख्खा तलाव दिसत होता. बगळे, पाणकोंबड्या, सगळा संसार. त्यांना अंगणात एक तळं हवं होतं आणि त्या तळ्यात बसायला एक छोटंसं बेट. "समोर एवढा तलाव आहे की," मी म्हटलं. "तो सगळ्यांचा आहे, मॅडम," ते म्हणाले. मी त्यांना बेट करून दिलं. वर एक छत्री, चार खुर्च्या, रात्रीचे दिवे. गिऱ्हाइकाला हवं ते नेटकं करून द्यायचं, एवढंच आपलं काम, असं मी तेव्हा मानत असे.

खरं बेट मला शीनण्णांनी दाखवलं.

शीनण्णांचं हॉटेल माझ्या ऑफिसच्या बरोब्बर खाली होतं. उभ्याने खायचं हॉटेल, सकाळी इडली, दुपारी भात-सारू, संध्याकाळी भजी. वीस वर्षं मी त्यांची कॉफी प्यायले, पण ते मूळचे कुठले हे कधी विचारलं नव्हतं. एक दिवस ते स्वतःच जिना चढून वर आले. धुतलेला शर्ट, हातात नारळ.

"मॅडम, आमच्या बेटावर स्वल्प बांधायचं आहे," ते म्हणाले.

बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनीच तशी विनंती केली आहे. पाहुणे फार आले तर त्यांची विहीर पुरत नाही. किनारी कर्नाटकात, जिथे नद्या समुद्राला मिळतात तिथे, नदीच्या पात्रात लहान लहान बेटं असतात. त्यांना कुद्रू म्हणतात. आपणही कुद्रूच म्हणू. चाळीसेक घरं, माडांची गर्दी, एक देऊळ, एक शाळा. गावातले बहुतेक पुरुष बेंगळुरात नाहीतर मुंबईत हॉटेलांच्या कामाला. मागे राहिलेल्या बायका शिंपल्या वेचतात, काथ्या वळतात. त्या बायकांच्या संघाने ठरवलं होतं की पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायच्या, म्हणजे घरबसल्या काम मिळेल आणि सुनाही बेट सोडून जाणार नाहीत. सरकारी योजनेतून मंजुरी आली होती. आता नकाशे काढणारं माणूस हवं होतं, आणि शीनण्णांच्या ओळखीत तसं माणूस मी एकटीच होते.

मला हुरूप आला. त्या सुमारास आमच्या धंद्यात पर्यावरणाला धरून पर्यटन वगैरे शब्दांची चलती होती. मी प्रत्यक्ष जायच्या आधीच, उपग्रहाच्या छायाचित्रावरून, एक देखणा आराखडा काढला. चारही खोल्या पश्चिमेच्या काठावर, सूर्यास्ताकडे तोंड करून. पुढे जांभ्या दगडाचा लांबलचक कट्टा आणि काठ ढासळू नये म्हणून त्याच्या खाली सिमेंटमध्ये बांधलेली भिंत. आराखडा घेऊन रात्रभराच्या बसने गेले आणि सकाळी होडीत बसले.

गिरिजक्का मला भेटली ती कमरेइतक्या पाण्यात उभी असताना. सत्तरीच्या पुढची बाई, डोक्याला पंचा, पायांनी तळाची रेती चाचपत शिंपल्या वेचत होती. शीनण्णांची थोरली चुलत बहीण, आणि संघाची अध्यक्ष. मी तिला अहो-जाहो करायला लागले तर म्हणाली, "अक्काला कोण अहो म्हणतं?" ती कोकणी बोलायची, मी माझी बेंगळुरी मराठी. एकमेकींचं अर्धं कळायचं आणि तेवढं पुरायचं.

देवळाच्या ओट्यावर मी आराखडा पसरला. बायका भोवती बसल्या. गिरिजक्काने चारी कोपऱ्यांवर चार शिंपल्या ठेवल्या, कागद उडू नये म्हणून, आणि खोल्या बोटाने मोजल्या.

"पाहुणे किती?" तिने विचारलं.

"चार खोल्या, खोलीत चार जण. सोळा."

"विहीर बघितलीस?"

विहीर बेटाच्या मधोमध होती. हात लांब करून घागर बुडवता येईल इतकं वर पाणी. मी चव घेतली. गोड, थंड. चहूकडे खाडीचं खारं पाणी आणि मध्ये हे.

"याच्या खाली पण खारंच आहे," गिरिजक्का म्हणाली. "गोड वर बसलंय. हळूच घेतलं तर गोड येतं, हावरटासारखं ओढलं तर खालचं खारं वर येतं. मग वर्षभर येत राहतं."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्याहून हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं, एखाद्या फुगीर भिंगासारखं. परीक्षेत मी त्याची आकृतीही काढली होती. पण त्या विहिरीच्या काठावर उभं राहून, आपल्या पायांखाली गोड्या पाण्याचं एक भिंग खाऱ्या पाण्यावर तरंगतंय आणि चाळीस घरं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगताहेत, हे मनात आलं तेव्हा मी नकळत हलकं पाऊल टाकायला लागले. या विहिरीवर पंप नव्हता. कधी बसवलाही नव्हता. प्रत्येक घराच्या घागरी ठरलेल्या होत्या, आणि त्या कोणी कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या.

"आठ पाहुणे," गिरिजक्काने निकाल दिला. "आणि वैशाखात कोणी नको."

शहरात आम्ही आधी खोल्या मोजतो आणि मग पाणी आणतो. इथे पाण्याने खोल्या मोजल्या. मी माझ्या आराखड्यावर सोळाचे आठ केले.

कट्ट्यावर मात्र मी अडून बसले. गिरिजक्का म्हणाली, "पश्चिमेला भिंत नको, बाय. नदी तिथे येते. येऊ दे."

मी तिला समजावलं की काठ दरवर्षी ढासळतोय, भिंत घातली तर तो वाचेल. फोनवरून शीनण्णांना आणि ओट्यावर बाकीच्यांना ते पटलं. बेंगळुरची शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर गिरिजक्कानेही हट्ट सोडला.

आता खरं काय ते सांगते. वाहत्या पाण्याला भिंत आडवी आली की पाणी थांबत नाही. भिंतीला घासत पुढे जातं आणि भिंत संपते तिथली माती दुप्पट जोराने खातं. हे मला माहीत होतं, कॉलेजात शिकवलेलं होतं. मी त्यावर उपाय म्हणून भिंतीचं टोक थोडं आत वळवलं आणि स्वतःची समजूत घातली. का? कारण त्या कट्ट्याचं, त्यावर बसलेल्या पाहुण्यांचं आणि मागे बुडणाऱ्या सूर्याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते एखाद्या मासिकात छापून यावं असं मला वाटत होतं. या एवढ्या कारणासाठी मी ती भिंत घातली.

भिंत आणि कट्टा उन्हाळ्यात पूर्ण झाला. खोल्या पावसाळ्यानंतर सुरू करायच्या होत्या. भाद्रपदात, गणपती विसर्जित होऊन दहा-बारा दिवस झाले होते तेव्हा, शीनण्णा पुन्हा जिना चढून वर आले. या वेळी हातात फक्त फोन होता. त्यांनी फोटो दाखवला.

फोटोत माझी भिंत ठणठणीत उभी होती. एक दगडही हललेला नव्हता. भिंत संपत होती त्याच्या दक्षिणेला काठ मात्र अर्धचंद्रासारखा खाल्ला गेला होता आणि त्या अर्धचंद्राच्या कडेवर एक घर होतं. पुढचं अंगण गेलं होतं. तुळशीचा कट्टा अर्धा हवेत लोंबत होता.

"कोणाचं घर?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर कळलं.

"अक्काचं," शीनण्णा म्हणाले. "चार दिवसांनी अमावास्येचं उधाण आहे. तोवर घर उचलायचं. मी आजच्या बसने निघतोय."

मला वाटलं, 'घर उचलायचं' म्हणजे सामान हलवायचं. मीही त्याच बसने निघाले. शीनण्णांनी हॉटेलच्या शटरवर 'तीन दिवस बंद' अशी पाटी लावली होती. वीस वर्षांत मी ते शटर दसऱ्याखेरीज कधी बंद पाहिलं नव्हतं. बसमध्ये आणखी सहा जण होते: कोणी मल्लेश्वरममध्ये डोसे घालणारा, कोणी शिवाजीनगरच्या चहाच्या टपरीवरचा. सगळे कुद्रूचे. वाटेत माझ्याशी कोणी वाकडं बोललं नाही. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

बेटावर उतरल्यावर मी सरळ गिरिजक्काकडे गेले. ती स्वयंपाकघरात मडक्यांना सुंभाने बांधत होती.

"अक्का, माझं चुकलं," मी म्हटलं.

"हो, चुकलं," ती म्हणाली. "ते टोक धर. गाठ सैल होतेय."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी जे पाहिलं त्याबद्दल मी तेव्हापासून अनेकांना सांगितलंय, कॉलेजातल्या मुलांनासुद्धा, आणि दर वेळी वाटतं की नीट सांगता आलं नाही.

ते घर शंभराच्या आसपास वर्षांचं होतं. फणसाच्या लाकडाचे खांब, मंगलोरी कौलं, मोठी ओसरी. मी त्याच्या ओसरीवर जेवले होते, त्याचे फोटो काढले होते, आणि इतकी वर्षं घरं बांधणाऱ्या मला त्यात एकही खिळा नाही हे दिसलं नव्हतं. सगळे सांधे खाचेत खाच बसवून केलेले आणि लाकडी खुंट्यांनी अडकवलेले. खांब जमिनीत पुरलेले नव्हते. दगडाच्या खळग्यांत नुसते उभे होते. भिंती मातीच्या होत्या, पण छप्पर भिंतींवर नव्हतंच. ते खांबांवर होतं. माती नदीला द्यायची, लाकूड बरोबर न्यायचं.

आधी देव निघाले. मग चुलीतले निखारे एका मडक्यात घालून शेजारच्या घरी दिले. मग कौलं. बायकांनी मागच्या दारापासून देवळापर्यंत रांग धरली आणि कौलं हातोहात चालू लागली. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण गप्पा चालू होत्या. कोणाची सून बाळंतपणाला आली, कोणाच्या मुलाने नोकरी बदलली. मीही रांगेत उभी राहिले. दुपारपर्यंत छप्पर उघडं पडलं आणि विश्वनाथ आचारी वर चढले.

आचारी म्हणजे सुतार. त्यांचं वय गिरिजक्काएवढंच असावं. हातात फक्त एक लाकडी हातोडा. ते एकेका वाशाची खुंटी ठोकून काढत आणि वासा खाली देताना त्याच्या टोकावरची खूण मोठ्याने वाचत. प्रत्येक वाशावर, प्रत्येक खांबावर, प्रत्येक तुळईवर छिन्नीने कोरलेली खूण होती: कुठे दोन रेघा, कुठे माशाचं शेपूट, कुठे अर्धं वर्तुळ. ज्या दोन लाकडांची खूण सारखी ती एकमेकांत बसणारी. शंभर वर्षांपूर्वी ज्याने हे घर उभं केलं त्याने ते परत सोडवायची सोय उभं करतानाच करून ठेवली होती. मी खाली उभी राहून ते बघत होते. आमच्या कॉलेजात सुटं करता येणाऱ्या घरांवर व्याख्यानं व्हायची. परदेशातल्या इमारतींच्या स्लाइड दाखवायचे.

"हे घर आधी किती वेळा हललंय?" मी विचारलं.

आचारींनी मधल्या मोठ्या खांबाकडे बोट केलं. माणसाच्या उंचीवर पाच आडव्या रेघा होत्या.

दुसऱ्या दिवशी भरतीची वाट पाहत सगळे बसले. मला कळेना की उन्हं वर येताहेत आणि ही माणसं सुपारी का चघळताहेत. मग पाणी चढू लागलं. तुळया आणि खांब सुंभाने एकत्र बांधून काठावरून पाण्यात ढकलले गेले, आणि ज्या लाकडांना उचलायला प्रत्येकी आठ माणसं लागली असती ती तरंगायला लागली. चार होड्यांनी त्यांना ओढत बेटाला वळसा घातला. भरती त्यांना पुढे नेत होती. आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा लांब वासा, शेवटच्या होडीमागे होतं, आणि त्याच्याबरोबर छातीइतक्या पाण्यातून गिरिजक्का चालत होती, एक हात त्यावर ठेवून, गाय नेतात तसं.

मी होडीत बसले होते. नदीने तिचं अंगण खाल्लं होतं आणि तीच नदी तिचं घर वाहून नेत होती, जिथे सांगितलं तिथे.

आम्ही पूर्वेच्या बाजूला पोचलो. नदी पश्चिमेला जी माती खाते तिच्यातली काही बेटाला वळसा घालून पूर्वेला आणून टाकते, हे मला तेव्हा समजलं. तिथे नवी जमीन तयार झाली होती, आणि त्या जमिनीवर माड होते. दहा-बारा माड, चांगले फळाला आलेले, आणि त्यांच्या मधोमध मोकळी चौकोनी जागा.

"हे माड कोणाचे?" मी विचारलं.

"माझे," गिरिजक्का लुगड्याचं पाणी पिळत म्हणाली. "धाकट्याच्या जन्माच्या वेळी लावले. सासू म्हणाली होती, पुढचं घर इकडे येणार, सावली आधी करून ठेव."

तिचा धाकटा मुलगा तेव्हा चाळिशीचा होता. बसमध्ये माझ्या शेजारी बसून आला होता.

मी त्या मोकळ्या चौकोनात उभी राहिले. मला त्या सासूचं नाव माहीत नाही. मी विचारलंही नाही. पण चाळीस वर्षांनंतर हलणाऱ्या घरासाठी तिने झाडं लावायला सांगितली होती, तीही नुकत्याच वर आलेल्या वाळूत. माझ्या भिंतीने ती वेळ दोन-चार वर्षं आधी आणली असेल. वेळ येणार हे इथे सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून.

सूर्य बुडायच्या आत सांगाडा उभा राहिला. माशाचं शेपूट माशाच्या शेपटाला लागलं, अर्धं वर्तुळ अर्ध्या वर्तुळाला. कौलं दुसऱ्या दिवशी चढायची होती. आचारींनी मधल्या खांबापाशी छिन्नी आणली आणि गिरिजक्काच्या हातात दिली. तिने ती माझ्यापुढे धरली.

"सुमित्रा, तू घाल रेघ."

"मी कशाला, अक्का?"

"आधीच्या पाच नदीच्या. ही तुझी. तूच घाल."

आवाजात राग नव्हता. आमटीत मीठ घाल म्हणावं तसं तिने सांगितलं. मी छिन्नी लावली आणि सहावी रेघ कोरली. आचारींनी वाकून पाहिलं.

"वाकडी आली," ते म्हणाले. "असू दे. ओळखू येईल."

अमावास्येला उधाण आलं. मी मुद्दाम राहिले होते. दुपारच्या भरतीला जुन्या घराच्या जागी गेले. मातीच्या भिंती गुडघ्याइतक्या उरल्या होत्या. पाणी आलं, त्यांना भिजवलं, आणि त्या निमूटपणे खाली बसल्या. तासाभरात तिथे सपाट पाणी होतं.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही माझी भिंत फोडली. हे मीच संघाला सुचवलं आणि परवानगीची कागदपत्रं मीच केली. पहारी घेऊन सहा माणसं आठ दिवस लागली होती. सिमेंट मी चांगलं वापरून घेतलं होतं. कट्टाही गेला. तो जांभा खोल्यांच्या खांबांखाली बैठक म्हणून वापरला, सिमेंट न लावता, नुसता रचून.

चार खोल्या मी नव्याने आखल्या, पश्चिमेलाच, पण काठापासून मागे. या वेळी आचारी माझ्या शेजारी बसले होते आणि गिरिजक्काची एक अट होती: "पुरुष सगळे बेंगळुरात असतात. दर वेळी शीनाने हॉटेल बंद करायचं का? दोन बायकांना उचलता येणार नाही असं एकही लाकूड नको."

पस्तीस वर्षांत मला गिऱ्हाइकांनी शेकडो अटी घातल्या. इतकी चांगली अट कोणी घातली नाही. सहा महिने मी त्या अटीशी झगडले. लांब तुळईचे दोन तुकडे केले, मोठ्या खांबाऐवजी बारीक पोफळीचे चार एकत्र बांधले, भिंतींना झावळ्यांची विणलेली झापं लावली. प्रत्येक तुकडा तयार झाला की बेटावरच्या दोन बायका तो उचलून देवळाला एक फेरी मारत. दमल्या तर तुकडा नापास. आचारींनी प्रत्येकावर खूण कोरली. संडास कोरडे केले, जमिनीपासून उचललेले, ज्यात पाण्याऐवजी राख आणि काथ्याचा भुसा टाकायचा, म्हणजे घाण मुरून विहिरीच्या गोड्या पाण्यापर्यंत पोचत नाही. दिशा कोणती हे बेटावर कोणीही विचारलं नाही.

पहिले पाहुणे बेंगळुरचेच आले, संगणकाच्या कंपनीतलं एक जोडपं. नवरा संडासातून बाहेर येऊन गिरिजक्काला म्हणाला, "आंटी, फ्लश कुठे आहे?" तिने त्याच्या हातात राखेची करवंटी दिली. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, हे संध्याकाळच्या होडीने परत जाणार. ते पाच दिवस राहिले. शेवटच्या दिवशी तो विहिरीवर घागर भरताना मला दिसला. अगदी हळू, वरचं वरचं पाणी घेत होता.

ऑफिस बंद केल्यावरही मी शीनण्णांच्या हॉटेलात जाते. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा कॉफी पुढे ठेवताना ते सहज म्हणाले, "मॅडम, खोल्या हलवल्या हं."

"कुठल्या खोल्या?"

"आपल्याच. पाहुण्यांच्या. पाणी जवळ आलं होतं."

मी कप खाली ठेवला. "कधी? मला कळवलं नाही? तुम्ही तर इथेच होता. हॉटेल उघडं होतं."

"सरी, उघडं होतं, मग? माझं काय काम? बायकांनी सकाळी सोडवलं, भरतीला फिरवलं, दोन दिवसांत उभं केलं. दोन पाहुणे होते, त्यांनी कौलं धरली. अक्का म्हणाली, सुमित्राला उगाच कशाला घाबरवायचं."

माझ्या धंद्यातल्या लोकांना आपण नसताना आपलं काम कोणी हलवलं तर राग येतो. मला कसं झालं ते सांगता येत नाही. मी कॉफी तशीच सोडली, घरी गेले आणि पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी बेटाच्या काठाला लागली. भरती नुकतीच ओसरत होती. जिथे मी खोल्या आखल्या होत्या, लेव्हल लावून, दोऱ्या ताणून, चुन्याच्या रेघा मारून, तिथे गुडघाभर पाण्यात दोन बायका शिंपल्या वेचत होत्या. माझं त्या जागेवर काही म्हणून उरलं नव्हतं. मी चपला हातात घेतल्या, पाण्यात उतरले आणि त्यांच्यातल्या एकीला मी आखलेल्या घरांचा रस्ता विचारला.

तिने मान वर न करता पूर्वेकडे हात केला.